५४ लाखाचं गणित युरोला १०० ने गुणून होत नाही

सांगलीहून एका आईंचं पत्र आलंय. लेक मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला ९ लाखाच्या पॅकेजवर, आणि आता जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एका कंपनीची वर्षाला ५४,००० युरोची ऑफर हातात आहे. मिस्टरांनी युरोला १०० रुपये धरून ५४ लाख असं अख्ख्या भावकीत सांगून टाकलंय, एक प्लॉटही बघून ठेवलाय, टोकन द्यायचंच बाकी. पण ताईंना प्रश्न पडलाय, "माझा भाचा तिकडे दहा वर्षं आहे, अजून भाड्याच्या घरात राहतो आणि सायकलवर ऑफिसला जातो. एवढे पैसे मिळतात तर जातात कुठे?"

ताई, प्रश्न एकदम बरोबर विचारलात. मिस्टरांना टोकन आत्ता नका देऊ म्हणावं, आधी हे वाचा.

आधी हातात काय येतं ते बघू. जर्मनीत एकट्या माणसाच्या पगारातून टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, बेकारी विमा असं सगळं मिळून ढोबळमानाने ३५ ते ३७ टक्के आधीच कापलं जातं. म्हणजे महिन्याला साडेचार हजार युरो दिसतात पण खात्यात पडणार २,८०० ते २,९००. त्यातलं भाडं, हीटिंग वगैरे धरून, ९०० ते १,००० कुठे गेले नाहीत, स्टुटगार्ट स्वस्त नाही हो. घरात टीव्ही असो नसो, ब्रॉडकास्टिंगची फी महिन्याला १८.३६ युरो भरायचीच. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागतात, आणि कितीतरी घरं किचनशिवाय मिळतात, म्हणजे ओटा, सिंक, कपाटं सगळं आपणच आणून बसवायचं. माझ्या पुतण्याने पहिले दोन महिने एका इलेक्ट्रिक शेगडीवर काढलेत आणि भांडी बाथरूमच्या बेसिनमधे घासलीत.

त्याच पुतण्याचं अजून एक सांगतो. मी गेलो होतो तेव्हा रविवारी सकाळी हा पठ्ठ्या किचनमधे खुर्ची टाकून, खाली पेपर अंथरून, गळ्याला टॉवेल गुंडाळून बसलेला आणि बायको मशीन फिरवतीये. सलूनला जायचं तर २५-३० युरो. सांगलीत कटिंगला १०० रुपये देताना आपण कुरकुरतो. काम तेच, कात्री तीच, पण तिकडे २०२५ मधे कायद्याने तासाला कमीत कमी १२.८२ युरो द्यावे लागायचे आणि सांगलीतला न्हावी काही स्टुटगार्टला जाऊन कटिंग करून संध्याकाळी परत येऊ शकत नाही. म्हणून केस कापणं, प्लंबर, घरकाम, डबा, घरभाडं यांच्या किमती देशागणिक वेगळ्या, आणि फोन, लॅपटॉप याला मात्र कुठंही जा, फार सूट नाही.

या फरकाचा हिशोब वर्ल्ड बँकेकडे असतो, पर्चेसिंग पॉवर पॅरिटी म्हणतात. २०१७ च्या आकड्यात बाजारात डॉलर ६५.१२ रुपये होता, पण अमेरिकेत एका डॉलरमधे जेवढं येतं तेवढं भारतात घ्यायला २०.६५ रुपये पुरत होते. तसंच जर्मनीचं केलं तर युरो १०० चा नाही, तीसेक रुपयांचा धरावा लागतो. म्हणजे तुमचे ५४ लाख झाले १६ लाख, आणि कापून हातात येणारे १० लाखाच्या आसपास. आणि इकडे आता नव्या रिजीममधे ९ लाखावर इन्कम टॅक्सही नाही. (अर्थात हा अख्ख्या भारताचा सरासरी आकडा आहे, पुण्या-चाकणात राहून महागडे फोन घेणाऱ्या पोरीला रुपया एवढा पुरत नाही, आणि तिकडे कापलेल्या पैशात दवाखाना येतो हेही धरा.)

मग जाऊच नये का? नाही, जाऊ दे. कारण १०० चा भाव पूर्ण खोटा नाहीये, तो फक्त चुकीच्या पैशाला लावलाय. जो युरो ती तिकडे खर्च करणार तो तीसचा, आणि जो वाचवून सांगलीला पाठवणार तो १०० चा. नीट राहिली तर महिन्याला ८०० ते १,००० युरो मागे पडतील, म्हणजे वर्षाला १० लाखाच्या आसपास, त्यातून एकदा येण्याजाण्याचं तिकीट वजा करा. प्लॉटचं गणित या आकड्यावर मांडायला सांगा.

आता भाच्याचं. तो कमी पडलाय असं समजू नका, तिकडची रीतच तशी आहे. युरोपियन सेंट्रल बँकेने २०१३ मधे घरटी संपत्तीचे आकडे काढले तेव्हा मधल्या (म्हणजे निम्मी वर, निम्मी खाली अशा) जर्मन कुटुंबाची निव्वळ मालमत्ता ५१,४०० युरो, स्पेनची १,८२,७०० आणि सायप्रसची २,६६,९०० निघाली होती, बराच गोंधळ झाला तेव्हा. कारण जर्मनीत ४४ टक्केच कुटुंबं स्वतःच्या घरात, स्पेनमधे ८३. भाडेकरूला सहज काढता येत नाही, आणि सरकारी पेन्शनचा हक्क त्या मालमत्तेत मोजलेलाच नव्हता, मग घर घ्यायची घाई कशाला करतील.

आपलं उलटं आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत शहरी कुटुंबाची सरासरी मालमत्ता २७ लाख होती, पण त्यातली ८७ टक्के जमीन आणि घर. तुमचंच बघा ना, विश्रामबागला घर, गावाकडे दीड एकर द्राक्षबाग, आणि लेकीच्या इंजिनिअरिंगला लोन काढलंत, जे अजून ६ लाख बाकी आहे असं तुम्हीच लिहिलंय. भाच्याकडे घर नाही पण पुढच्या महिन्यात आजारी पडला तर त्याला कुणाकडे हात पसरावा लागणार नाही.

तर माझं मत असं की पहिल्या वर्षी लोन फेडा, प्लॉट नंतर. आणि प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं, तोवर कुठलाच नवा हप्ता नको. लेकीला जर्मन आत्तापासून सुरू करू दे, ब्लू कार्ड (शिकलेल्यांना नोकरीसाठी मिळणारा परवाना) असेल तर जर्मनच्या बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलवर २१ महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मागता येतो, नुसत्या ए-वन म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलवर २७ लागतात. पत्रात तुम्ही फक्त वर्षाचा आकडा दिलाय, ऑफर लेटरचं पगाराचं पान पाठवा, रिलोकेशनचे पैसे आहेत का आणि करार किती वर्षांचा आहे ते बघून हातात नक्की किती पडतील ते मी काढून देतो.