कंट्रोलची नळी

खारघर, आषाढ

प्रिय मुली,

तुझा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो रात्री दोनदा बघितला. प्रोमायलोसाइट, म्हणजे मज्जेतली कोवळी पांढरी पेशी, सुरेख आलीय. न्यूक्लियसच्या पडद्यात, एंडोप्लाझ्मिक जालिकेत, गॉल्जीत, कणांत, सगळीकडे काळं. फक्त सोबत कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, नव्हता, म्हणून लिहायला बसले.

आपल्याला दिसतं ते एन्झाइम नसतं. पेशीतलं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून डॅबचा (डायअमिनोबेन्झिडीनचा) तपकिरी साका जागच्या जागी बसवतं, त्यावर ऑस्मियम चढतं, आणि इलेक्ट्रॉन अडतात ते त्या ऑस्मियमला. 1966 साली ग्रॅहम आणि कार्नोव्हस्कींनी दाखवलेली ही रीत आपण अजून वापरतो. पण ऑस्मियम आपणहूनही बऱ्याच गोष्टी काळ्या करतं. म्हणून पेरॉक्साइड न घातलेली एक नळी दर वेळी हवीच. शेजारी एरिथ्रोब्लास्ट, म्हणजे कोवळी तांबडी पेशी, असेल तर आणखी जपून बघ; हिमोग्लोबिनही डॅबशी असंच वागतं.

आता त्याच ग्रिडवर, सेक्शन ठेवलेल्या त्याच जाळीवर, मायलोसाइट शोध; ती प्रोमायलोसाइटची पुढची पायरी. तिथे हे एन्झाइम बनणं थांबलेलं असतं. जालिका आणि गॉल्जी कोरी, जुने अझुरोफिल कण काळे, आणि नव्याने भरणारे स्पेसिफिक कण फिकेच. पेशी किती पुढे गेली ते मला या कोऱ्या जागांवरूनच कळतं. तुझ्या टिपणात त्यांचा एक शब्दही नाही.

एक चूक सांगते, माझीच. शिकत असताना एका रुग्णाचे ब्लास्ट, म्हणजे अगदी कोवळ्या रक्तपेशी, मी फिक्स करायला ग्लुटाराल्डिहाइडमध्ये रात्रभर ठेवले आणि अहवालात पेरॉक्सिडेज 'निगेटिव्ह' लिहिलं. प्लेटलेट वंशाच्या पेशींतलं प्लेटलेट पेरॉक्सिडेज नाजूक असतं, त्या फिक्सेशनमध्ये टिकत नाही. दुसरा नमुना हलक्या हाताने फिक्स केला, तर न्यूक्लियसभोवती केसाएवढी काळी रेघ, गॉल्जी मात्र स्वच्छ. मेगाकॅरिओब्लास्ट होते ते, प्लेटलेट बनवणाऱ्या वंशाच्या कोवळ्या पेशी. आज सीडी41, सीडी61 या पेशीवरच्या खुणा तपासून फ्लो सायटोमेट्री हे चटकन सांगते, पण त्या दिवशीचा तो माझा 'निगेटिव्ह' अजून सलतो. फिक्सेशनची वेळ वहीत मिनिटांत लिही.

डॅबला हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस. नमुने रोवायचं रेझिन पावसात दमट होतं, त्याची बाटली सिलिका जेलशेजारी ठेव.

गुरुवारी दोन्ही ब्लॉक घेऊन ये. सेक्शन पाण्यावर रुपेरी तरंगले पाहिजेत. सोनेरी आले तर जाड आहेत, पुन्हा काप. आणि पहिली ग्रिड लेडचा (शिशाचा) रंग न लावता आण, आधी तीच बघू.

तुझी,
मॅडम