देव सर्वशक्तिमान आहे, मग माझ्याच पोराला का नेलं?

पुण्यात इतकी वर्षं समुपदेशन करतेय आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता लिहायलाच हवं. कोणाचं मूल गेलेलं असतं, कोणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, पण वाक्य तेच, "देव सगळं करू शकतो ना मॅडम, मग थांबवलं का नाही त्याने?"

हडपसरचे एक काका यायचे (तपशील बदललेत). वारकरी घर, गळ्यात माळ. तरणाताठा मुलगा ब्लड कॅन्सरने गेला. त्यानंतर माउलींची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला आली तरी हे दर्शनाला फिरकले नाहीत. पहिले बरेच सेशन ते विठ्ठलाशी भांडत होते आणि मी भांडू दिलं. मी विवेकनिष्ठ विचारांची आहे, देव आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही, पण त्या प्रश्नाच्या आडून माणूस स्वतःला काय शिक्षा करून घेतोय ते शोधणं हे मात्र नक्की माझं काम.

एकदा विचारलं, "काका, देवाचं राहू द्या. तुम्हाला मनातून काय वाटतं, कशामुळे झालं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आदल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे माझी वारी चुकली. दहाव्याला घाटावर एका पाहुण्याने बोलूनही दाखवलं."

तिथे मला सगळं दिसलं. देव चांगला आहे, देव सर्वशक्तिमान आहे आणि तरी माझं पोर गेलं, या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत, तत्त्वज्ञ हजारो वर्षं यावर डोकं फोडतायत. साधा माणूस काय करतो, देवाला धक्का लागू नये म्हणून गुपचूप चौथी गोष्ट घालतो, की चूक माझी असणार. मग सगळा हिशोब जुळतो आणि माणूस आतून संपतो.

मी म्हटलं, "बापाची वारी चुकली म्हणून पोराचा जीव घेईल, असा आहे का तुमचा विठोबा?"

"छे! आमचा विठोबा असा नाही." हे इतकं ठासून म्हणाले की स्वतःच दचकले.

"मग वारीचा आणि आजाराचा संबंध काय?"

"...काहीच नाही." आणि पहिल्यांदा मोकळे होऊन रडले. डॉक्टरांनीही त्यांना आधीच सांगितलं होतं की मज्जेतल्या पेशींच्या जनुकांत बिघाड होतो आणि बहुतेक वेळा कारण सापडत नाही, पण तोवर ते कानावरून जात होतं.

डोळे पुसून म्हणाले, "मग का नेलं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही काका." त्यावर त्यांनीच तुकोबांचं काढलं. १६३० च्या दुष्काळात पहिली बायको 'अन्न अन्न करितां मेली' असं तुकोबांनीच लिहिलंय, आणि 'माझे लेखीं देव मेला' असंही. "हा अभंग आम्ही भजनात म्हणतो मॅडम, पण राग आला तर चालतो हे डोक्यातच आलं नाही." मला ते फार मोलाचं वाटलं. देवावर चिडलेला अभंग वारकऱ्यांनी गाळला नाही, गाथेत जपला. माझ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा हे जास्त कामी आलं, आणि ते त्यांच्याच घरातलं होतं.

म्हणून सांगते, देवाचा प्रश्न सुटायची वाट बघू नका, तो उघडा राहिला तरी चालतं. आधी हे तपासा की उत्तर म्हणून तुम्ही स्वतःला गुन्हेगार तर ठरवलं नाही ना. रागावायचं असेल तर रागवा, पूजा बंद ठेवायची असेल तर ठेवा, पुन्हा करावीशी वाटली तर करा, दोन्हीत पाप नाही.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, कृपा करून 'पूर्वसंचित', 'देवाची इच्छा', 'कुलदैवताचं राहिलं असेल' हे बोलू नका. नुसतं शेजारी बसा, डबा न्या, बँकेची, दाखल्यांची कामं करून द्या. झोप, जेवण महिनोन्महिने बिघडलेलं असेल किंवा जगणं नको असं बोलणं येत असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या, सरकारची टेलि-मानसची १४४१६ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.