पोस्टरचा सूर कुठून येतो?

प्रश्न : ताई, मी दृश्यकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चित्रपटाच्या एखाद्या पोस्टरचा सूर कोणता आणि त्यावर प्रभाव कोणाचे, असा निबंध लिहायचा आहे. माझं गाडं ‘लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे गूढ’ इथंच अडतंय. पोस्टर वाचायचं कसं?

उत्तर : रंगांचे अर्थ पाठ करण्याचा नाद आधी सोड. लाल रंग प्रेमकथेतही येतो आणि खुनाच्या गोष्टीतही. मी पोस्टरसमोर उभी राहिले की आधी मापं बघते. कोण मोठं, कोण लहान, कोणाला कडेला ढकललंय, मोकळी जागा किती सोडलीये आणि कुठं. सूर बहुतेक तिथंच ठरलेला असतो. रंग मागाहून त्याला दुजोरा देतो.

‘रोजमेरीज बेबी’चं १९६८चं पोस्टर शोधून समोर ठेव. फिलिप गिप्स आणि स्टीफन फ्रँकफर्ट यांचं हे काम. चित्रपट भीतीचा, पण पोस्टरवर रक्त नाही, सुरा नाही, किंचाळणारं तोंडही नाही. एका बाईचा वर पाहणारा आडवा चेहरा हिरव्या छटेत बुडालाय, आणि खडकाळ उंचवट्यावर बाबागाडीची काळी छायाकृती उभी आहे. यातली कुठली वस्तू भीतिदायक आहे? एकही नाही. चेहरा डोंगराएवढा आणि गाडी चिमुकली असूनही आपली नजर त्या गाडीवरच जाऊन थांबते, कारण सगळ्या चित्रात ठाम कडा आणि गडद काळा तिच्याच वाट्याला आलाय. गाडीत कोण आहे ते दिसत नाही, ढकलणारं कोणी जवळ नाही. आणि हिरव्याचं म्हणशील, तर इथं हिरवा म्हणजे विष वगैरे काही नाही. कातडीचा ऊबदार रंग काढून घेतलाय, एवढंच. माणसाचा चेहरा स्वतःच्या रंगाला पारखा झाला की बघणारा आपोआप अस्वस्थ होतो. निबंधात असं कारण लिही.

आता अक्षरं. मी बरीच वर्षं शीर्षकं ब्रशनं रंगवली आहेत, म्हणून माझा हा हट्ट समज, पण शीर्षकाचं वळण पोस्टरचा अर्धा सूर सांगतं. अमेरिकन डिझायनर सॉल बास यांचं ‘व्हर्टिगो’ (म्हणजे चक्कर) या चित्रपटाचं पोस्टर १९५८चं. नारिंगी-लाल पृष्ठभूमी, त्यावर पांढऱ्या रेषांचा भोवरा, आणि भोवऱ्यात ओढले जाणारे दोघं. अक्षरं कात्रीनं कापल्यासारखी, उंचीला असमान. एकही अक्षर पायावर स्थिर उभं नाही. चक्कर येण्याची भावना भोवऱ्याआधी त्या अक्षरांतूनच सुरू होते. आणखी एक गोष्ट बघ, घाईत निसटते. पुरुषाची आकृती भरीव काळी आहे, बाईची मात्र नुसती बाह्यरेषा, आतून पार्श्वभूमीच दिसते. तो खरा आहे, ती त्याला दिसणारी कोणीतरी आहे. अख्खी कथा त्या एका निर्णयात आहे, आणि चित्रपट न पाहिलेल्यासमोर ती फुटतही नाही. पोस्टरकलेत याहून सुंदर काही मला माहीत नाही.

प्रभावांबद्दल. ‘यावर अमुक शैलीची छाप आहे’ एवढं लिहून थांबू नकोस. उसनं कशासाठी घेतलं आणि घेताना काय बदललं, ते शोध. ‘चायनाटाउन’चं १९७४चं पोस्टर जिम पीअरसॉल यांनी काढलं. हॅट घातलेला माणूस सिगारेट ओढतोय, आणि धुराच्या वळणांतून एका बाईचा चेहरा आणि केस उमटतात. ही वळणं थेट चेक चित्रकार अल्फोन्स मुखाची आठवण करून देतात. जॉब या सिगारेटच्या कागदासाठी मुखाने १८९६ साली केलेलं पोस्टर याच्या शेजारी ठेव. तिथं बाई स्वतः सिगारेट ओढते आहे, डोळे मिटून तृप्त, तिचे केस सगळ्या चौकटीभर वळसे घेत पसरलेत आणि धूर त्यांच्यातून वाट काढतोय. ती भरगच्च, देहधारी आहे. पीअरसॉलनं नेमकं उलटं केलं. ओढतो पुरुष, आणि बाई धुराची. डोळ्यांसमोर आहे, पण हाती लागणार नाही. त्याच सुखद रेषेतून आता संशय निघतो. शिवाय १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या रॉक मैफलींच्या पोस्टरांनी मुखाला पुन्हा वर आणलं होतं, त्यामुळे १९७४च्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना ही रेषा ओळखीची होती. प्रभाव असा दोन-तीन घरं फिरून येतो. बासचे सपाट रंग बघतानाही मागे जा. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या, पॅरिसमधल्या मुलँ रूज या नाचघरासाठी केलेल्या १८९१च्या पोस्टरात मागची गर्दी नुसत्या काळ्या आकृत्यांची आहे, आणि लोत्रेक ते शिकला जपानी लाकूडठशांच्या चित्रांवरून.

प्रश्न : हल्लीची पोस्टरं एकसारखी दिसतात. तरंगणारे चेहरे, निळा-नारिंगी रंग, तीच रोमन अक्षरं. याला प्रभाव म्हणायचं की नक्कल?

उत्तर : तुमचा वैताग मला पटतो, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत. रंगचक्रावर निळा आणि नारिंगी समोरासमोर येतात. माणसाची कातडी, गोरी असो की सावळी, नारिंगीच्या घरातली, म्हणून मागे निळा टाकला की चेहरा उठून दिसतो. यात गैर काही नाही, फक्त आळस आहे. ती अक्षरं बहुधा ट्रेजन. कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी रोममधल्या ट्रेजन स्तंभावरच्या कोरीव लेखावरून १९८९ मध्ये हा टाइपफेस, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, घडवला. दगडात कोरलेल्या अक्षरांचं गांभीर्य त्यात फुकट मिळतं, म्हणून युद्धपटापासून प्रेमपटापर्यंत सगळे त्यामागे लागले, आणि ते गांभीर्य झिजून गेलं. अक्षरं देखणी आहेत. मला वाईट त्याचंच वाटतं.

तरंगत्या चेहऱ्यांमागे बऱ्याचदा करार असतात. नावांचा क्रम, अक्षरांचा आकार, कधी चेहऱ्याचं मापसुद्धा कागदावर ठरलेलं. चित्रकारानं मोकळी जागा मागितली तरी ती कोणाच्या वाट्यातून काढायची? महायुद्धानंतरच्या पोलंडमध्ये वितरण सरकारी होतं, ताऱ्यांचे चेहरे विकण्याची सक्ती नव्हती, आणि हेन्रिक तोमाशेव्स्की, यान लेनित्सा यांच्यासारख्यांनी त्या मोकळिकीचं सोनं केलं. व्हिक्टर गुरका यांचं ‘कॅबरे’ चित्रपटाचं १९७३चं पोस्टर बघा. नर्तकीचे पाय जुळवून केलेलं स्वस्तिक आणि मधोमध चेहरा. करमणूक आणि नाझी राजवट एकाच आकारात, शब्दाविना. दुसरीकडे सेन्सॉर होता, हेही विसरू नये, पण पोस्टराच्या बाबतीत तिथले चित्रकार हेवा वाटावा इतके मोकळे होते.

प्रश्न : नजर तयार करायला घरच्या घरी काही सराव?

उत्तर : पोस्टर उलटं धरा. चेहरे ओळखू येईनासे होतात आणि वजन कुठं पडलंय ते दिसतं. मग अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, जे उरेल तो त्याचा गाभा. शीर्षक हातानं झाका आणि चित्र एकटं काय म्हणतंय ते दोन ओळींत लिहा, नंतर चित्र झाकून अक्षरांचं लिहा. दोन्हींत विसंगती आढळली तर ती चूक आहे की मुद्दाम केली आहे, यावर थोडा वेळ घालवा. टॅगलाइन, म्हणजे शीर्षकाजवळचं ते छोटं जाहिरातीचं वाक्य, सगळ्यात शेवटी वाचायची. आधी वाचलीत तर चित्रात तीच दिसत राहील.