बाबांच्या मुठीकडे बघणारी मुलगी

“तुम्हाला काही झालं तर आमचं काय?” एकट्या पालकाला मुलं हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. अमेरिकेत कॉलराडोतल्या एका रोडिओ (उधळणाऱ्या घोड्या-बैलांवर स्वारीची स्पर्धा) स्वाराच्या अकरा वर्षांच्या मुलीनं तो विचारलाच नाही. ती रोज नाश्त्याच्या वेळी वडिलांच्या उजव्या हाताकडे बघत बसायची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांशेजारी बसून तिनं ‘द रायडर’ (2017) पाहिला होता. त्यात डोक्याला मार बसलेल्या स्वाराची मूठ आपोआप आवळते, सुटता सुटत नाही. त्या घरातही आई नाही. नायक झालेला ब्रेडी जँड्रो खऱ्या आयुष्यात तसाच जखमी झाला होता, हेही वडिलांनी कौतुकानं सांगून टाकलं! मुळात तो सिनेमा मुलांसाठी नव्हेच.

“मला काही होत नाही, जाकीट आहे ना,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर; म्हणजे छाती वाचवणारं संरक्षक जाकीट. 1989 मध्ये वायोमिंगमधल्या शायानच्या रोडिओत नामवंत बैलस्वार लेन फ्रॉस्ट बैलाच्या धडकेनं गेला, त्यानंतर ही जाकिटं रुळली. मुलगी म्हणाली, “ते छातीला. डोक्याला काय?”

धीर देणं बंद करून समुपदेशनाच्या बैठकीत आम्ही एक कागद लिहायला घेतला. रोडिओ कुठे, स्वारी किती वाजता, परत कधी. स्वारी झाली की अर्ध्या तासात फोन, जिंकले तरी, हरले तरी. हरल्यावर ते फोन टाळत; प्रवेश फी खिशातून गेलेली, पगार तर नाहीच. इकडे मुलगी त्या शांततेचा अर्थ ‘दवाखाना’ असा लावायची. त्यांना बोलता येत नसेल तर सोबतचा स्वार फोन करणार. घरी झोपायला कोण येणार, इथं शेजारणीचं नाव होतं, पण तिला विचारलंच नव्हतं. मुलीनं जाऊन विचारलं तेव्हा कळलं. मग आत्या ठरली, उपचारांच्या संमतीपत्रासकट.

शेवटच्या ओळीवर दोन बैठका गेल्या: डोक्याला मार बसला तर डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत स्वारी नाही. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, आसपास रोडिओत कमाईचा हंगाम, तेव्हाही नाही.

ती वडिलांची बॅग भरायची, धाकट्या भावाचा डबाही करायची. बॅग आता वडील भरतात. डबा तिला सोडवत नाही. आठवड्यातून दोनदा चालेल म्हटलं.

मूठ बघणं महिन्याभरात थांबलं. वडील निघायच्या आदल्या रात्रीची पोटदुखी राहिली आहे. ती शाळेच्या दिवसांतही दिसू लागली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलंय.