गिझरचं पाणी गार-गरम होतंय, आणि पाटल्या तारण आहेत

पाथर्डी फाट्याहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ४३, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, पगार महिना ८५ हजार. घरात पत्नी, अकरावीतली मुलगी आणि आई. फ्लॅट सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर; गृहकर्जाचे अजून २२ लाख बाकी. ते लिहितात:

“गॅस गिझरचं पाणी मधेच चटका बसेल इतकं गरम येतं, मधेच बर्फासारखं. दोनदा माणूस येऊन गेला. आता तो म्हणतो, हे खटारं काढा आणि हीट पंप बसवा. १ लाख ३५ हजार, दोन वर्षांत गॅसमध्ये वसूल. ७,५०० चा बिनव्याजी हप्ता १८ महिने जमेल असं वाटतं. की २ लाखांची एफडी आहे, ती मोडू?”

प्रश्न एवढाच. (हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं विजेचं यंत्र.) पण त्याच्या आगेमागे तीन वाक्यं सहज लिहून गेली आहेत. एक, गिझर बाथरूममध्येच आहे आणि थंडीत वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलाय. मुलगी अंघोळीहून आली की डोकं जड झालं म्हणते. दोन, बाकी गुंतवणूक ठीक आहे, बँकेतून गॅरंटीवाली पॉलिसी घेतलीय. तीन, तिचा मागचा हप्ता पत्नीच्या पाटल्या ठेवून भरला.

पहिल्यापासून सुरू करतो. हा पैशाचा विषय नाही, पण थांबण्यासारखाही नाही. पत्र खाली ठेवा आणि तो पुठ्ठा काढा. गिझर बंद करा आणि तो बाथरूमबाहेर जाईपर्यंत लावू नका. कोंडलेल्या जागेत गॅस जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, गरगरणं ही त्याची पहिली खूण असते, आणि त्यापुढची खूण सांगायला माणूस शुद्धीवर नसतो. मुलीला डॉक्टरांना दाखवा आणि अंघोळीनंतर होतं हे त्यांना आवर्जून सांगा. आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता, तो अंगणात पेटायचा. न्हाणीघरात बादलीच जायची. त्या लोकांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण धूर घराबाहेर हवा एवढं कळत होतं. नाशिकची थंडी मीही सोसतो, पण झरोका बुजवणं हा तिच्यावरचा उपाय नाही.

आता पाण्याचं. टाकी गच्चीवर आणि तुम्ही तिच्या लगेच खाली, म्हणजे दाब सगळ्या इमारतीत तुमच्याकडेच कमी. गॅस गिझरला पाण्याची धार ठरावीक वेगाने मिळाली तरच ज्योत टिकते. कोणी स्वयंपाकघरातला नळ सोडला की धार बारीक होते, ज्योत विझते, गार पाणी येतं. नळ बंद झाला की पुन्हा भडका, पुन्हा चटका. नळाच्या मिक्सरमध्ये गार पाणी मिसळलंत तरी तेच, कारण गिझरमधून जाणारं पाणी तेवढंच घटतं. म्हणून गरम नळ पूर्ण सोडा आणि पाणी फार कढत वाटलं तर गॅसची कळ कमी करा. एक लिटरचं भांडं गरम नळाखाली धरून घड्याळ लावा (गिझर न पेटवता). तीस सेकंदांच्या वर गेलं, तर दोष मशीनचा नाही, धारेचा आहे. मग पाणी आत येतं तिथली जाळी साफ करा, सेल बदला. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असतील तर आतल्या नळीत क्षार बसलेले असणार, ते काढून घ्या. तरीही धार कमीच राहिली तर छोटा प्रेशर पंप. हे सगळं करून गिझर ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेला हलवलात तरी दहा-बारा हजारांत काम होईल. तोवर इमर्शन रॉड किंवा साधा विजेचा गिझर. दोनदा येऊन त्या माणसाने जाळी उघडून पाहिली का, हे तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. कोटेशन मात्र दिसलं.

त्या कोटेशनचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. चार माणसांना दिवसाला १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट उष्णता लागते. गॅसवर महिन्याला १० किलोच्या आसपास; सिलिंडर ९०० ला धरला तर साडेसहाशे रुपये. हीट पंप तेच काम एक तृतीयांश विजेत करतो, हे खरं आहे. दिवसाला सव्वा युनिट, १० रुपयांनी महिन्याला साडेतीनशेच्या पुढे. वाचले महिन्याला ३००, वर्षाला ३,६००. १ लाख ३५ हजार वसूल व्हायला सदतीस वर्षं. तेही उन्हाळ्यात इतकंच गरम पाणी वापरलंत तर. दोन वर्षांचा आकडा कुठून आला ते विचारा, मला उत्सुकता आहे. बिनव्याजी हप्त्याचं म्हणाल तर रोख घेतल्यास किती सूट, एवढंच विचारा. व्याज तिथे सापडेल.

म्हणजे ना हप्ता, ना एफडी.

आता पॉलिसी. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २४ लाख. तुम्ही लिहिलंय, “म्हणजे डबल.” डबल किती वर्षांत, हे बँकेतल्या त्या बाईंनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा. सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसा किती टक्क्यांनी दुप्पट झाला हे ढोबळ काढायला ७२ ला वर्षांनी भागतात. इथे ७२ ला साडेपंधराने भागा. साडेचार टक्क्यांच्या जरासं वर. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. दर तिमाहीला सरकार तो बदलू शकतं, पण याच दराने तेच हप्ते विसाव्या वर्षी ३५ लाखांच्या घरात जातात. ११ लाखांचा फरक पडतो, आणि पैसा बुडणार नाही याची गॅरंटी दोन्हीकडे आहे.

हे साडेचार टक्के मिळवायला तुम्ही महिना एक टक्क्याने, म्हणजे वर्षाला बारा टक्क्यांनी सोनं तारण ठेवलंत. यावर मी काही लिहीत नाही. पाटल्या ज्यांच्या आहेत त्यांनी लिहिलं असतं तर जास्त नेमकं लिहिलं असतं.

“टॅक्स तरी वाचतो,” असंही तुम्ही म्हणता. कुठला? बोनस धरून तुमचं उत्पन्न ११ लाखांच्या आसपास. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. तिथे ८०सी (विमा-पीपीएफच्या हप्त्यांवरची करसवलत) नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

आणि विमा? विमा रक्कम हप्त्याच्या दहापट, म्हणजे १२ लाख. गृहकर्ज २२ लाख. पुठ्ठा लावलेल्या बाथरूममध्ये उद्या तुम्हालाच काही झालं असतं, तर बँकेचं कर्ज फेडूनही घरच्यांवर दहा लाखांची उधारी राहिली असती. तिघी तुमच्या पगारावर आहेत. पॉलिसी विकणाऱ्या बाईंनी तुमचं वय विचारलं, कर्ज विचारलं नाही.

२०२३ पासून तीन हप्ते गेलेत, जानेवारीत चौथा आहे. पत्रात तुम्ही लिहिता की दिवाळीचे ९० हजार त्यासाठी ठेवलेत, उरलेले ३० कुठून तरी उभे कराल. करू नका. पण रागाच्या भरात सरेंडरही, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत घेणंही, करू नका. तुमच्यासारख्या जुन्या पॉलिसीत तीन हप्त्यांनंतर हमी असलेली किमान सरेंडर रक्कम भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजारांवर सव्वा लाख. त्याऐवजी पेड-अप करा, म्हणजे पुढे भरणं बंद आणि पॉलिसी लहान होऊन चालू. दहापैकी तीन हप्ते भरले, तर ढोबळमानाने २४ लाखांतले ७ लाख २० हजार मुदतीला मिळावेत. सव्वा लाखाचे सतरा वर्षांत सात लाख म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. घातलेले पैसे आहेत तिथेच राहू द्या, नवे घालू नका. उरलेले सात हप्ते, ८ लाख ४० हजार, भरलेत तर त्यावर जादा मिळतील १६ लाख ८० हजार, साधारण पाच टक्क्यांनी. पीपीएफमध्ये त्याचेच २२ लाख.

क्रम मात्र चुकवू नका. पेड-अप केलं की विमाही आक्रसतो. म्हणून आधी टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, एक कोटीचा, साठीपर्यंत. सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस ते तीस हजार. त्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेला. अर्जात बीपी-साखर काही लपवू नका. टर्म प्लॅनची पॉलिसी हातात आली की मगच जुनीचा हप्ता थांबवा. हप्त्याच्या तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, घाई होणार नाही.

९० हजारांतले पंचवीस विम्याला गेले असं धरू. उरलेले ६५ सोन्याच्या कर्जात भरा. १ लाख २० हजारांतले ५५ राहतात. हीट पंपासाठी महिना ७,५०० निघतात असं तुम्हीच लिहिलंय, ते इकडे वळवा. आठ महिन्यांत कर्ज संपतं, आणि गौरी बसतील तेव्हा पाटल्या घरात असतील. त्यानंतर तेच ७,५०० पीपीएफमध्ये. एफडीला हात लावायचा तो फक्त प्लंबरसाठी. दोन महिन्यांच्या खर्चाइतकीच ती आहे, वाढवायला हवी.

विमा कंपनीला लेखी विचारा: आज पेड-अप केली तर मुदतीची रक्कम किती, सरेंडर किती. बँकेतल्या बाईंकडून तोंडी उत्तर घेऊ नका, त्या तुम्हाला आणखी दोन वर्षं भरायला सांगतील. माझे ७ लाख २० हजार ढोबळ आहेत. कागदावरचा आकडा त्याहून फारच कमी निघाला, तर पुन्हा लिहा.