बेसमेंटातलं पाणी आणि वीज गेल्यावरही वाजणारा भोंगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात सांगलीहून कॅनडात, टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला येताय, पहिली दोन वर्षं भाड्याच्या बेसमेंटात काढायची, मग घर घ्यायचं. 2019 ला गावभागात घरात शिरलेलं पाणी पाहिलंय, म्हणून जमिनीखाली राहायची धास्ती वाटते. रात्री पाणी आलं तर झोपेतून उठवेल अशी सोय घरच्या घरी करता येईल का?

येते, आणि फार खर्चही नाही. मात्र आपल्याकडच्या पुराचा हिशेब इथे चालत नाही. सांगलीत पूर सांगून येतो. कोयनेतून विसर्ग वाढला की आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट चढलं ते सगळं गाव मोजत बसतं; 40 ला इशारा, 45 ला धोका, तोवर धान्याची पोती माळ्यावर जातात. इथे नदी जवळपास नसली तरी घरात पाणी येतं. जोराचा पाऊस झाला की ड्रेनेजचं पाणी फरशीतल्या जाळीतून उलटं वर येतं. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉटात नदीच्या आधी नाला घरात येतो, तसंच. दुसरी वाट पायाभोवतीच्या मातीची, ती मार्च-एप्रिलात बर्फ वितळताना जास्त त्रास देते. तिसरी घरातलीच: वॉशिंग मशिनची नळी, नाहीतर गीझर. इथला गीझर 40-50 गॅलनचा असतो, म्हणजे दीडशे ते एकशे नव्वद लिटर. आणि टाकी फुटली की मागून नळाचं पाणी येतच राहतं.

8 जुलै 2013 ला टोरोंटोच्या विमानतळावर 126 मिलिमीटर पाऊस पडला, 16 जुलै 2024 ला 98 च्या आसपास. दोन्ही वेळा शहराच्या मोठ्या भागात वीजही गेली. सगळी आखणी यावरून करा. ज्या विजेवर बेसमेंटातलं पाणी उपसणारा पंप चालतो त्याच विजेवर भोंगा ठेवला, तर नेमक्या त्या रात्री दोन्ही गप्प बसतात.

भाड्याच्या घरात सुरुवात साध्या बॅटरीवरच्या वॉटर अलार्मने करा. दहा-वीस डॉलरला एक मिळतो, वायफाय लागत नाही. खाली दोन धातूचे ठिपके असतात. पाण्याने ते जोडले गेले की भोंगा वाजतो. पाच घ्या: फरशीतल्या जाळीजवळ, गीझरच्या पायाशी, वॉशिंग मशिनमागे, बाथरूममध्ये, आणि जमिनीलगतच्या खिडकीखाली. सांगलीच्या बाजारात मिळणारा टाकी भरल्याचा अलार्म आणायचा विचार असेल, तर 9 व्होल्टच्या बॅटरीवरचा चालेल. प्लगमध्ये लावायचा आणू नका, इथे वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ आहे.

जागा चुकली की अलार्म असून नसल्यासारखा. फरशीला उतार असतो, पण तो डोळ्याला दिसत नाही. तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहा आणि सेन्सर तिथे ठेवा. लॅमिनेट किंवा कार्पेट असेल तर पाणी आधी त्याच्या खालून पसरतं, वरच्या सेन्सरला ते बऱ्याच उशिरा लागतं. म्हणून फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) खोलीत, जिथे उघडं काँक्रीट असतं, तिथे एक हवाच. फर्नेसजवळ उन्हाळ्यात एसीच्या नळीचे थेंब गळतात. सेन्सर त्या नळीपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर खोटे भोंगे वाजतील आणि वैतागून कोणीतरी बॅटरीच काढून टाकेल. सगळ्यात जास्त अलार्म असेच निकामी होतात.

फोनवर कळायला हवं असेल तर हब, म्हणजे सगळ्या सेन्सरचा निरोप घेऊन इंटरनेटवर पाठवणारी डबी, असलेला संच घ्या. वायफायवर थेट चालणाऱ्या सेन्सरची बॅटरी लवकर उतरते. हब आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर टाका. दोन्ही मिळून 12 वॅट खात असतील तर 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी पाचेक तास पुरते. तरी कंपनीचंच इंटरनेट बंद पडू शकतं, म्हणून घरात वाजणारा भोंगा काढू नका. फोन रात्री सायलेंटवर असतो. त्या एका ॲपला सायलेंट असतानाही वाजायची परवानगी सेटिंगमध्ये देऊन ठेवा.

आता पुढे घर घ्याल तेव्हाचं. बऱ्याच घरांत बेसमेंटच्या कोपऱ्यात सम्पचा खड्डा असतो. पायाभोवतीचं पाणी त्यात जमतं आणि त्यावर तरंगणारा फ्लोट वर आला की पंप ते बाहेर फेकतो. फरशीवरचा सेन्सर इथे उशिराचा आहे, कारण त्याला कळेपर्यंत खड्डा भरून वाहिलेला असतो. खड्ड्यात दुसरा, स्वतंत्र फ्लोट स्विच लावा, पंप सुरू होण्याच्या पातळीच्या तीन इंच वर. 18 इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण 4 लिटर. जोराच्या पावसात पंप थोडा वेळ बंद करून पाणी मिनिटाला किती इंच चढतं ते टेपने मोजा. मिनिटाला एक इंच चढत असेल आणि फ्लोटच्या वर फरशीपर्यंत आठ इंच उरत असतील, तर भोंगा वाजल्यापासून हातात आठ मिनिटं. एवढ्यात तळाचं सामान उचलून होतं का ते पाहा. नसेल तर फ्लोट खाली घ्या, पण पंपाच्या पातळीला खेटवू नका.

स्वतः जुळवायचं असेल तर ईएसपी32 बोर्ड (वायफाय असलेला, प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), फ्लोट स्विच आणि बझर पुरे. दोन उघड्या तारांचा सेन्सर खड्ड्यात कायम सोडू नका. त्यांतून सतत डीसी वाहिला की एक तार झिजते, दुसरीवर थर बसतो, आणि काही महिन्यांत तो पाणी असूनही कोरडं सांगतो. फ्लोटमध्ये ही भानगड नाही, फक्त गाळ अडकतो तो धुवा. बोर्डाला मोबाइलची पॉवर बँक जोडू नका. वीज फार कमी ओढली जाते असं पाहून ती आपोआप बंद होते.

पंप बंद पडायची कारणं ठरलेली आहेत: वीज जाणं, प्लगचा सुरक्षा स्विच उडणं, फ्लोट भिंतीला अडकणं, हिवाळ्यात बाहेरची नळी गोठणं. पंप फिरतोय पण पाणी जात नाही, हे शेवटच्या कारणाचं लक्षण. बॅटरीवरचा दुसरा पंप बसवलात तर पहिल्या तीन कारणांवर उपाय होतो, गोठलेल्या नळीवर होत नाही. उलट्या ड्रेनेजसाठी बॅकवॉटर व्हॉल्व्ह लागतो, म्हणजे ड्रेनेजचं पाणी उलटं येऊ लागलं की बंद होणारी झडप. तो परवाना असलेल्या प्लंबरकडूनच बसवा. अनेक नगरपालिका त्याला अनुदान देतात, टोरोंटोही देते. व्हॉल्व्ह बंद झालेला असताना फ्लश करू नका, मशिन लावू नका. तुमचंच पाणी बाहेर जाऊ न शकल्याने वर येईल.

भोंगा वाजला तर पाण्यात पाय घालायच्या आधी प्लगपर्यंत पाणी पोचलंय का ते जिन्यावरूनच पाहा. वीज बंद करायचा बोर्ड बहुतेक बेसमेंटातच असतो. तिथपर्यंत कोरडी वाट नसेल तर जाऊ नका, वीज कंपनीला फोन करा. विम्यात ड्रेनेज उलटण्याचं संरक्षण बहुधा वेगळं जोडून घ्यावं लागतं. घरमालकाच्या विम्यात तुमचं सामान येत नाही, भाडेकरूचा वेगळा घ्या.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक सेन्सर ओल्या फडक्यावर ठेवा, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप चालतो का पाहा, आणि भोंग्याचा फ्लोट हाताने उचलून तो वाजतो का पाहा. बेडरूमचं दार लावून भोंगा ऐकू येतो का, तेही त्याच वेळी. हिवाळ्यात सांगलीला जाल तेव्हा लक्षात ठेवा, इथे दुपारचे तीन म्हणजे तिथे रात्रीचा दीड. सूचना एका शेजाऱ्याच्या फोनवरही जाईल असं करा, आणि निघताना त्याच्याकडे घराची किल्ली व मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे त्याचा फोटो देऊन या.