प्रदूषण चाचणीत अडकलेली जुनी फोर बाय फोर : दुरुस्ती करावी, विकावी की कर्ज काढावे?

आपले पत्र आणि सोबत जोडलेले चाचणीचे दोन्ही अहवाल वाचले. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. आपल्याकडे २२ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना कायम ताकद देणारी ऑफ-रोड गाडी आहे. रोजच्या कामासाठी घरात दुसरी गाडी आहे. ही फक्त सुटीच्या दिवशी डोंगरवाटांवर निघते. पहिल्या चाचणीत इंजिन आयडलिंगला असताना कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर गेला, इंजिनाचे फेरे वाढवल्यावर तो मर्यादेत आला, आणि स्कॅनरवर पी०४२० हा कोड दिसला. गॅरेजने ऑइल आणि फिल्टर बदलून कोड पुसून टाकला. दुसऱ्या खेपेला गाडीच्या संगणकाच्या अंतर्गत तपासण्या अपूर्ण असल्याचे सांगून केंद्राने ती परत पाठवली. आता गॅरेजवाले म्हणतात की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधल्या विषारी वायूंचे प्रमाण घटवणारा भाग) आणि त्याच्या पुढचामागचा असे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलावेत. चाचणी पास झालेल्या अशा गाडीला बाजारात जी किंमत येते, तिच्या सुमारे ३५ टक्के इतका हा खर्च आहे. एक व्यापारी गाडी आहे त्या स्थितीत ५५ टक्क्यांना घ्यायला तयार आहे. दुरुस्तीचे पैसे आपत्कालीन निधीतून काढले, तर चार महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद अडीच महिन्यांवर येईल. ही गाडी काढून टाकून कर्जावर नवी घेण्याचाही विचार आपल्या मनात आहे.

माझे मत आधीच सांगतो. कन्व्हर्टर आत्ता घेऊ नये आणि गाडी आत्ता विकूही नये. आधी नीट निदानासाठी थोडे पैसे मोजावेत, दुरुस्तीवर जास्तीत जास्त किती घालायचे तो आकडा निदानाचा निकाल कळण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावा, आणि मगच पुढचे ठरवावे.

पी०४२० या कोडचा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे संगणकाला दिसते आहे. ती का कमी दिसते, हे तो कोड सांगत नाही. सेन्सर थकलेला असेल, एक्झॉस्टच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत असेल, एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल अधूनमधून पेटतच नसेल (मिसफायर), तरीही हाच कोड येऊ शकतो. आपल्या अहवालातले आकडे मला यापेक्षा बोलके वाटले. कन्व्हर्टर पुरता मेलेला असता, तर फेरे वाढवल्यावरही कार्बन मोनॉक्साइड बहुधा वरच राहिला असता. तो खाली आला, याचा अर्थ गरम झाल्यावर आतला जाळीदार भाग अजून काही ना काही काम करतो आहे. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानानंतरच नीट काम करू लागतो, आणि रांगेत बराच वेळ आयडलिंगला उभ्या राहिलेल्या गाडीचा कन्व्हर्टर थंडावतो, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

आपल्या पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेली दोन वाक्ये मला कोटेशनपेक्षा महत्त्वाची वाटली. एक असे, की गेल्या काही महिन्यांपासून तापमानाचा काटा मध्यावर येत नाही, खालीच राहतो. दुसरे असे, की एका दगडावर गाडी खालून घासल्यापासून थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते आणि गरम झाल्यावर ती थांबते. काटा खाली राहणे हे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकल्याचे नेहमीचे लक्षण आहे. इंजिन पुरेसे गरम होत नाही, म्हणून संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. थंडीत येणारी आणि नंतर जाणारी टिकटिक ही बहुतेक वेळा मॅनिफोल्डपाशी (सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळीपाशी) किंवा पाइपच्या सांध्यात फट पडल्याची खूण असते. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. सेन्सरच्या अलीकडे अशी फट असेल, तर तिच्यातून आत ओढल्या गेलेल्या हवेमुळे सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे वाटते आणि संगणक आणखी पेट्रोल ओततो. थर्मोस्टॅट आणि अशी फट बुजवणारे सांध्यातले गॅस्केट या दोन्ही वस्तू कन्व्हर्टरच्या तुलनेत किरकोळ किमतीच्या आहेत.

खरा आर्थिक धोका येथेच आहे. कन्व्हर्टर हा साखळीतला शेवटचा दुवा. तो आपणहून क्वचित मरतो. त्याला बहुधा दुसरे कोणीतरी मारते. न जळलेले पेट्रोल त्याच्यात जाऊन जळले, तर आतली सिरॅमिकची जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल, तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर बसतो आणि ती निकामी होते. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर पुढच्या चाचणीपर्यंत तोही त्याच वाटेने जाईल, आणि तेव्हा आपत्कालीन निधी आधीच अडीच महिन्यांवर आलेला असेल. मी मेकॅनिक नाही, त्यामुळे दोष नेमका कोणता हे मी सांगणार नाही. मात्र ज्या कोटेशनमध्ये निदानाचा एकही आकडा नाही, त्यावर गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा लावू नये, इतके मी खात्रीने सांगू शकतो.

आता हिशेब. पास झालेल्या गाडीची किंमत १०० धरू. ३५ खर्च करून गाडी पास झाली, तर निव्वळ ६५ उरतात. आज विकली तर ५५ मिळतात. वरवर पाहता दुरुस्तीत १० चा फायदा दिसतो. पण नुसत्या कन्व्हर्टरने काम भागणार नाही आणि आणखी २४ लागतील अशी शक्यता तीनात एक धरली, तर सरासरी खर्च ८ ने वाढून ४३ होतो आणि फायदा २ वर येतो. त्यात पुन्हा चाचणीचे शुल्क आणि वाया गेलेले दिवस धरले, की हाती काहीच उरत नाही.

याउलट निदानाला ३ लागतात असे समजा. दोष किरकोळ निघाला आणि १० मध्ये मिटला, तर निव्वळ ८७ उरतात. कन्व्हर्टर खरोखरच गेला आहे पण इंजिन निरोगी आहे असे ठरले, तर ६२ उरतात, म्हणजे आजच्या विक्रीपेक्षा तरीही ७ जास्त. आणि इंजिनच थकले आहे असे कळले, तर गाडी ५५ ला विकून निदानाचे ३ सोडून द्यावे लागतील. सर्वांत वाईट निकालात तोटा ३ चा आणि चांगल्या निकालात फायदा ३२ चा, असा हा व्यवहार आहे. माझे ३, १० आणि २४ हे आकडे गृहीत धरलेले आहेत. आपल्या गॅरेजकडून खरे आकडे घेऊन हीच आकडेमोड पुन्हा करावी.

निदान म्हणजे काय, हे गॅरेजला लेखी सांगणे चांगले, नाहीतर पुन्हा कोड वाचून तेच कोटेशन हाती पडेल. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्यावी. सिलिंडरांच्या आकड्यांत मोठी तफावत निघाली, तर पुढचा खर्च तिथेच थांबवता येतो. एक्झॉस्टमध्ये धूर सोडून गळती शोधावी. इंजिन गरम असताना स्कॅनरवर चालू आकडे पाहून त्यांची प्रत मागावी. पाण्याचे तापमान ९० अंशांच्या आसपास पोहोचते का आणि संगणक पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली कमीजास्त (फ्युएल ट्रिम) दहा टक्क्यांच्या पलीकडे जाते का, हे त्यातून कळेल. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरची रेषा पुढच्या सेन्सरसारखी सतत वरखाली नाचत असेल, तर कन्व्हर्टरवरचा संशय पक्का होतो. ती बऱ्यापैकी स्थिर असेल, तर त्याला अजून निवृत्त करण्याचे कारण नाही. आपली गाडी चिखलापाण्यातून जाते, म्हणून सेन्सरच्या वायरींचे कनेक्टर उघडून गंज पाहायला सांगावे. दगडावर घासल्याने आतली जाळी फुटली आहे का, हे रबरी हातोडीने हलके ठोकून खुळखुळ ऐकल्यास समजते. त्याला पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या चाचणीत गाडी परत आली, त्यात गाडीचा दोष नव्हता. कोड पुसला किंवा बॅटरी काढली, की संगणकाच्या अंतर्गत तपासण्या शून्यापासून सुरू होतात. त्या पूर्ण व्हायला पूर्ण थंड इंजिनापासून सुरुवात, काही वेळ स्थिर वेगाने प्रवास आणि थोडे थांबत-चालत फिरणे लागते. इंधनाच्या वाफेची तपासणी तर टाकी जवळजवळ रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असताना बहुतेक गाड्यांत होतच नाही. म्हणून दुरुस्तीनंतर टाकी अर्धी ठेवून काही दिवस गाडी चालवावी, तपासण्या पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर पाहावे आणि गरम गाडी घेऊनच केंद्रावर जावे. काही ठिकाणी ठरावीक मुदतीत फेरचाचणी विनामूल्य किंवा कमी शुल्कात होते, त्याचीही चौकशी करावी. मोजणी रोलरवर होणार असेल, तर गाडी कायमस्वरूपी फोर व्हील ड्राइव्ह आहे हे आधीच सांगावे. फक्त दोन चाके रोलरवर चढवली, तर सेंटर डिफरन्शिअलचे (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) नुकसान होऊ शकते आणि तो खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो.

गेल्या वर्षी घातलेले मोठे टायर आणि सस्पेन्शन यांचा खर्च ‘आता वाया जाईल’ असे आपण लिहिले आहे. तो पैसा गेला; आज दुरुस्ती केली काय किंवा न केली काय, तो परत येणार नाही. गाडी विकताना त्यामुळे किंमत जितकी वाढते तेवढाच त्याचा आजचा हिशेब, आणि व्यापाऱ्याच्या ५५ मध्ये तो बहुधा धरलेलाच आहे. तो वेगळा मोजत बसलो, तर नाकापेक्षा मोती कधी जड झाला हे कळणारही नाही.

कर्ज काढून नवी गाडी घेण्याचा पर्याय मी लगेच बाजूला ठेवतो. रोजच्या वापराची गाडी घरात असताना छंदाच्या गाडीसाठी काही वर्षांचा हप्ता, वाढीव विमा आणि पहिल्या वर्षांतला घसारा अंगावर घेणे, आणि तेही आपत्कालीन निधी जेमतेम चार महिन्यांचा असताना, मला मान्य नाही. वर्षातून मोजक्याच मोहिमा होत असतील, तर तेवढ्या दिवसांपुरती अशी गाडी भाड्याने घ्यायला काय पडेल, तो आकडा हप्त्यांशेजारी लिहून पाहावा.

हाच विचार दुरुस्तीच्या मर्यादेलाही लागू होतो. गाडी विकायची नसेल, तर खर्चाला पुढच्या चाचणीपर्यंतच्या महिन्यांनी भागावे आणि दरमहा तेवढा पैसा आपण या छंदावर राजीखुशीने घातला असता का, हे घरातल्यांबरोबर बसून ठरवावे. आपल्या परिस्थितीत निदान धरून एकूण ४० ही वरची मर्यादा मला योग्य वाटते. त्यापुढे जाणे म्हणजे विक्रीच्या तुलनेतला जवळजवळ सारा फायदा गमावणे. पैसे मात्र आपत्कालीन निधीतून काढू नयेत. गाडी छंदाची आहे. ती दोन-तीन महिने रस्त्यावर आली नाही, तर आपले काही अडत नाही. तेवढ्या काळात दरमहा बाजूला टाकलेल्या रकमेतून खर्चाचा मोठा भाग उभा राहील. जुन्या गाड्यांसाठी वेगळे निकष, ठरावीक दुरुस्ती-खर्चानंतर तात्पुरती सूट, किंवा गाडी मोडीत काढल्यास प्रोत्साहनरक्कम अशा तरतुदी अनेक ठिकाणी असतात. आपल्याकडे यांपैकी काही लागू आहे का, याची चौकशी परिवहन कार्यालयात याच अवधीत करून घ्यावी. कन्व्हर्टर काढून नुसता पाइप बसवण्याचा ‘स्वस्त’ उपाय कोणी सुचवला, तर तो ऐकू नये. बहुतेक ठिकाणी तो बेकायदा आहे.

अखेर कन्व्हर्टर बदलावाच लागला, तर तीन गोष्टी व्यवहारात लिहून घ्याव्यात. स्वस्त पर्यायी कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू कमी असू शकतात आणि तोच कोड काही महिन्यांत परत येऊ शकतो. म्हणून भाग आपल्या चाचणीसाठी मान्यताप्राप्त आहे का आणि हमी पुढच्या चाचणीपर्यंत टिकते का, हे बिलावर नमूद असावे. जुना कन्व्हर्टर याच धातूंमुळे भंगारात चांगल्या किमतीला जातो. तो गॅरेजमध्ये सोडून येऊ नये, परत मागावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. आणि उंच गाडीखाली शिरणे चोराला सोपे असते, म्हणून कन्व्हर्टरची चोरी आपल्या विमा पॉलिसीत धरलेली आहे का आणि त्यात आपल्याला किती रक्कम सोसावी लागते, हे नवा भाग बसवण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी मागवावे.